धूळपाटी

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खराडी सोडून गेलेला माणूस आज पुन्हा येथे उतरला, तर आपण भलत्याच थांब्यावर उतरलो असे समजून तो मागे फिरेल. मुळा-मुठेच्या उत्तर तीरावरचे, हवेली तालुक्यातले हे खेडे १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतर ज्वारी-बाजरीची वावरे पाहता पाहता बिनशेती झाली, आणि जेथे मोट चाले तेथे काचेचे मनोरे उभे राहिले. सकाळी नगर रस्त्याने हजारो तरुण माणसे या मनोऱ्यांत शिरतात आणि अंधार पडल्यावर बाहेर पडतात. ती कोणत्या गावच्या कोणत्या शेतावर बसून काम करतात हे त्यांना ठाऊक नसते. आणि ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना मनोऱ्यांच्या फाटकातून आत सोडत नाहीत.

या फाटकाबाहेरच्या मंडळींपैकी एक म्हणजे आमचे नाना. वय पंच्याहत्तरीच्या पलीकडे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि हाती नातवाने दिलेला मोबाईल. एका सायंकाळी ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ह्यात आपल्या गावाबद्दल लिवलंय. पर लईच थोडं लिवलंय. कोन लिवतं ह्ये?"

मी चष्मा लावून पाहिले. मराठी विकिपीडियावरील खराडीचे ते पान होते, आणि त्या वेळी ते खरोखरच अगदी त्रोटक होते. मी म्हणालो, "नाना, हे कोणीही लिहितो. मी लिहितो, तुम्हीही लिहू शकता."

नाना बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी थट्टा करतो आहे असे त्यांना वाटले असावे.

मी शाळेत शिकवतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो, एवढे काही वाचकांना ठाऊक असेल. परंतु गेली काही वर्षे रात्री तासभर या सार्वजनिक ज्ञानकोशात दुरुस्त्या करण्याचा एक तिसरा उद्योग मला जडला आहे. माझ्या नावापुढे मॅट्रिकच्या पलीकडची पदवी नाही. अशा माणसाने ज्ञानकोशात लेखणी चालवावी हे पूर्वी अशक्य होते. आणि आता त्याच माणसाने, शाळेचे तोंड चौथीनंतर न पाहिलेल्या एका शेतकऱ्याला कोशकार करण्याचे मनावर घेतले होते! हा प्रकार हास्यास्पद आहे की स्वाभाविक आहे, हे ठरविण्यासाठी मला मराठी कोशांच्या इतिहासात थोडे मागे जावे लागले. वाचकांनीही माझ्याबरोबर यावे.

मराठीत आधुनिक ज्ञानकोश म्हटला की पहिले नाव येते ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे. १८८४ साली रायपुरास जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेला, जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहून डॉक्टर झाला, आणि १९१२ साली मायदेशी परतला. अशा विद्वानाने एखाद्या महाविद्यालयात सुखाने नोकरी करावयाची. परंतु केतकरांना वेगळेच वेड लागले. जगातील ज्ञान मराठीत, वर्णानुक्रमाने लावून, मराठी माणसाच्या घरात पोहोचवायचे! सरकारचा आश्रय नव्हता, विद्यापीठाचा हात नव्हता. नागपुरास मंडळी काढून, भाग विकून, वर्गणीदार गोळा करून त्यांनी काम उभे केले आणि पुढे ते पुण्यास आणले. १९२० ते १९२९ या काळात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड बाहेर पडले. त्यांतले पहिले पाच प्रस्तावनाखंड. त्यांत 'हिंदुस्थान आणि जग' येथून आरंभ करून वेदविद्या, बुद्धपूर्व आणि बुद्धोत्तर जग, विज्ञानाचा इतिहास, एवढा पसारा मांडलेला. या खटाटोपाची हकीकत त्यांनी स्वतःच 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहून ठेविली आहे.

केतकरांच्या चिकाटीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला कौतुक वाटते ते निराळ्या गोष्टीचे. तेवीस खंड एकट्याने लिहून होत नाहीत. त्याला माणसे लागतात. आणि कोशलेखन जाणणारी माणसे तेव्हा महाराष्ट्रात आणायची कोठून? निबंध लिहिणारे होते, व्याख्याने झोडणारे होते, वादात हार न जाणारे तर घरोघर होते. परंतु आपले मत खिशात ठेवून, पाहिलेल्या ग्रंथाशी इमान राखून, चार ओळींत विषय मांडणारा माणूस आयता मिळत नव्हता. तो कचेरीतच घडवावा लागला. ज्ञानकोशाची कचेरी हीच त्याची शाळा.

या शाळेतून काय निघाले ते पाहा. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे केतकरांच्या संपादकवर्गात होते. ज्ञानकोश संपला तेव्हा ही जोडी रिकामी बसली नाही. त्यांनी सहकाऱ्यांसह १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड काढले. पुढे वाक्संप्रदायांचा कोश, शास्त्रीय परिभाषेचा कोश, 'सुलभ विश्वकोश', असे एकामागून एक काम ते करीतच राहिले. आज मराठी शब्दाचा अर्थ अडला की आपण ज्या ग्रंथाकडे धाव घेतो, तो केतकरांच्या विद्यार्थ्यांचा. ज्ञानकोशातील पुष्कळशी माहिती काळाच्या ओघात जुनी झाली, आणि तशी ती होणारच. परंतु त्या कचेरीत घडलेल्या हातांनी केलेले काम आजही वापरात आहे. कोश जुना होतो, कोशकार घडविण्याची रीत जुनी होत नाही, असे मला यावरून वाटू लागले.

पदवीचा प्रश्न घेऊन मी निघालो होतो, त्याचेही उत्तर वाटेत सापडले. दहा खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' १९६२ ते १९७९ या काळात पुरा करणारे पंडित महादेवशास्त्री जोशी हे गोव्याच्या सत्तरी भागातले, पाठशाळेत शिकलेले आणि मुळात कथालेखक. वाईस बसून मराठी विश्वकोशाची धुरा वाहणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे शिक्षणही तेथल्या प्राज्ञपाठशाळेतले. 'तर्कतीर्थ' ही पदवी त्यांनी संस्कृत विद्येत मिळविलेली होती, इंग्रजी महाविद्यालयाची ती नव्हे. त्यांच्या देखरेखीखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि विसावा खंड निघण्यास पुढे जवळजवळ चाळीस वर्षे लागली. तेव्हा पदवीवाचून कोशकार होता येते, हे खरे. मात्र गुरूवाचून होता येत नाही. पाठशाळेत शास्त्रीबुवा होते, कचेरीत केतकर होते. खराडीच्या नानांना कोण?

आता दृष्टी थोडी दूर न्यावी लागेल. २००० सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघांनी महाजालावर 'न्यूपीडिया' नावाचा एक ज्ञानकोश सुरू केला. त्यात विद्वानांनी लेख लिहावा आणि त्या लेखाची सात पायऱ्यांवर छाननी व्हावी, असा कडक नियम होता. नियम इतका कडक की वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजावेत त्याहून फार अधिक लेख वर चढलेच नाहीत. तेव्हा या मंडळींनी एक युक्ती केली. कोणीही यावे, लिहावे, खोडावे, अशी एक मोकळी जागा त्यांनी बाजूस करून दिली. तेथे कच्चे लेख तयार व्हावेत आणि मग ते न्यूपीडियाच्या पायऱ्या चढावेत, हा हेतू. ही जागा १५ जानेवारी २००१ रोजी उघडली. तिचे नाव विकिपीडिया. हवाई बेटांवरील भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. आणि नावाप्रमाणेच तेथे झटपट लेख जमू लागले. पाहता पाहता कच्च्या मालाचे कोठार मुख्य दुकानाहून मोठे झाले. २००३ साली न्यूपीडिया बंद पडला. आणि त्याच वर्षी १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला.

मौज अशी की, मराठी विकिपीडियाची बांधणी करणाऱ्यांनी आपल्या घरातल्या वस्तूंना नावे देताना मराठी मुलखाची आठवण ठेविली. जेथे सर्वांनी बसून बोलायचे त्या पानाचे नाव 'चावडी'. आणि नव्या माणसाने हात बसेपर्यंत जेथे गिरवायचे त्या पानाचे नाव 'धूळपाटी'.

धूळपाटी हा शब्द आजच्या मुलांना सांगावा लागतो. पंतोजींच्या शाळेत कागद महाग होता. एका फळीवर बारीक धूळ पसरायची, तीवर काडीने अक्षर काढायचे, चुकले की फळी हलवायची आणि पुन्हा लिहायचे. चुकण्याचा खर्च काही नाही. 'धुळाक्षरे गिरविणे' हा वाक्प्रचार तेथलाच. शिक्षणशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत, परंतु चुकण्याला दंड न लावणारे साधन पंतोजींच्या छडीशेजारीच ठेवलेले होते, याचे मला नेहमी नवल वाटते.

तर नानांच्या शिक्षणाचा आरंभ धूळपाटीवर झाला. टंकलेखन त्यांना जमेना. तेव्हा ते मोबाईलला बोलून सांगत आणि मोबाईल ते लिहून घेई. त्यातून कधी कधी भलतेच शब्द उमटत. 'मुंढव्याच्या समोर' असे सांगावे, तर 'मुंडी उचलून समोर' असे लिहून येई! नाना खळखळून हसत आणि म्हणत, "ह्याचं कान तुमच्या पोरांवानी हायेत मास्तर!" मी त्यांना तीन गोष्टी शिकविल्या. पहिली, स्तुती करायची नाही. 'आमचे सुंदर, ऐतिहासिक गाव' असे न लिहिता गाव कोठे आहे ते लिहायचे. दुसरी, दुसऱ्याचे वाक्य उचलायचे नाही. अर्थ घेऊन आपल्या शब्दांत मांडायचा. तिसरी सर्वांत अवघड. जे लिहायचे त्याला छापील आधार द्यायचा.

पहिल्या दोन्ही गोष्टी नानांना लगेच पटल्या. गावाची स्तुती गावकऱ्याने करू नये, लग्नाच्या मुलीची स्तुती बापाने करू नये तशी, असे ते स्वतःच म्हणाले. नदीच्या कोणत्या अंगास गाव आहे, समोर केशवनगर-मुंढवा कसे, नदी पुढे कोठे जाऊन भीमेला मिळते, हे त्यांनी माझ्याकडून अचूक लिहवून घेतले. उजवा आणि डावा तीर यांत मीच गोंधळलो होतो. तेव्हा त्यांनी मला नदीकाठी नेऊन वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभे केले आणि हात धरून दाखविले. शिष्याने गुरूला दिलेला हा पहिला धडा. दुसरा पुढे यायचा होता.

तिसऱ्या गोष्टीपाशी गाडी अडली. नानांना जे मनापासून लिहायचे होते त्याला छापील आधार नव्हता.

१२ जुलै १९६१ हा दिवस पुणेकरांना सांगावा लागत नाही. अंबी नदीवरचे पानशेतचे अपुरे धरण त्या दिवशी फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही गेले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. घरे पडली, संसार वाहून गेले. शहराच्या या हानीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु नदी पुण्यापाशी संपत नाही. संगमापाशी मुळेला घेऊन तेच पाणी पुढे पूर्वेकडे निघाले आणि वाटेत खराडी होती. नाना तेव्हा चौदा वर्षांचे होते.

"पानी आमच्या वावरातल्या चिंचेच्या बुंध्याला लागलं होतं," ते म्हणाले. "माज्या डोळ्यांनी बघितलंय म्या. लिवा."

मी विचारले, "कुठे छापून आले आहे का?"

नाना काही न बोलता उठून गेले. मला वाटले, रागावले. अर्ध्या तासाने ते परत आले तेव्हा त्यांच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर, पुस्तके बाजूला सारून ठेविली आणि फडके सोडले. आत एक पितळी परात होती. काठावर, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसे, नाव कोरलेले होते. ते नाव खराडीतल्या कोणत्याच घराण्याचे नव्हते.

"पूर उतारल्यावर चिंचंखाली गाळात सापडली," नाना म्हणाले. "ह्यो घ्या आधार."

वाचकहो, शाळेत मुले नाना प्रकारची उत्तरे देतात, त्यांची मला सवय आहे. परंतु या उत्तरापुढे मी निरुत्तर झालो. न्यायालयात ती परात पुरावा म्हणून पुढे ठेवता आली असती. इतिहाससंशोधकाने ती उलटसुलट करून पाहिली असती. पण ज्ञानकोशाचा नियम वेगळा आहे. कोशाने नवे संशोधन करायचे नसते; इतरांनी शोधून, तपासून, प्रसिद्ध केलेले असेल तेवढेच नोंदवायचे असते. लिहिणारा कोण हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा तर तो आधारामुळेच. केतकरांच्या कचेरीत खुद्द केतकर पाहून घेत, वाईस शास्त्रीबुवा पाहून घेत. येथे पाहणारा परका. तो खराडीला येऊन परात पाहणार नाही. नियम कठोर आहे, पण तो नसेल तर कोणीही उठावे आणि आपल्या आजोबांना पहिल्या बाजीरावाचा सरदार करावे!

हे सारे मला माहीत होते. माहीत असूनही मी ते नानांना सांगितले नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला धीर झाला नाही. आणि मग मी एक अपराध केला.

त्या रात्री मी खराडीच्या पानावर नानांचे वाक्य घातले आणि त्याच्या शेवटी पानशेतच्या पुरावरील एका पुस्तकाचे नाव आधार म्हणून जोडून दिले. त्या पुस्तकात पूर होता, तारीख होती, पेठा होत्या. खराडी नव्हती. मी मनाशी म्हटले, नाना खोटे बोलत नाहीत. वाक्य खरे आहे. मग आधार थोडा इकडचा तिकडे केला तर बिघडले कोठे? केतकरांनी कादंबऱ्या लिहिल्या त्या कोशाबाहेर. मी कादंबरीकार, मी कोशातच कादंबरी शिरविली.

आठ-दहा दिवसांनी कोणा सदस्याने चर्चेच्या पानावर एका ओळीत विचारले : पृष्ठ क्रमांक मिळेल का? भाषा सौम्य होती, प्रश्न रास्त होता. त्याने वाक्य काढले नव्हते. आधी विचारले होते. नवागताशी असेच वागावे, त्याला एकदम झिडकारू नये, असा या कोशाचा संकेत आहे. परंतु त्या सौम्य ओळीने मला जो घाम फुटला तो कोणत्या शिव्यांनी फुटला नसता.

ती ओळ नानांनीही वाचली. वाचायला मीच शिकविले होते! ते पुस्तक माझ्या कपाटात आहे हे त्यांना ठाऊक होते. म्हणाले, "काडा की मास्तर बुक. कंच्या पानावर हाय आपलं वावर, त्ये सांगून टाकू त्याला."

मी खरे सांगितले. दुसरा उपायच नव्हता.

नाना गप्प बसले. मी हजार कारणे देत राहिलो : तुमचे वाक्य खरे आहे, ते राहावे म्हणून मी केले, तुमच्यासाठी केले. त्यांनी हात वर करून मला थांबविले आणि म्हणाले, "मास्तर, ती परात घावली तवा घरात धड परात नव्हती. आई काटवटीत पीठ मळायची. पर बापानं परात माळ्यावर ठिवली. म्हनला, तिच्यावर दुसऱ्याचं नाव हाय. आज ना उद्या कुनीतरी मागाया येईल. त्यो गेला, आई गेली. साठ वर्सं झाली, त्या परातीत आमच्या घरात कुनी पीठ मळलं न्हाई." थोडे थांबून ते म्हणाले, "आन् तुमी दुसऱ्याच्या बुकावर माजं वावर लिवलं व्हय?"

ज्ञानकोशाच्या नियमांचा अर्थ मी कितीतरी नवागतांना समजावून सांगितला आहे. इतक्या थोडक्यात आणि इतका पुरता तो मला कोणी समजावला नव्हता. आधार म्हणजे दुसऱ्याच्या नावाची वस्तू. ती जशी असेल तशीच ठेवायची; आपल्या सोयीने वापरायची नाही, मग घरात कितीही अडचण असो.

ते वाक्य आम्ही दोघांनी मिळून काढले. बदलाचे कारण लिहिण्यासाठी तेथे एक लहान चौकट असते. नानांनी मोबाईलला तोंडाने सांगितले : 'आधार नाही म्हणून काढले. चूक आमची.' मी म्हणालो, "नाना, चूक माझी." ते म्हणाले, "धूळपाटी दोघांची हुती न्हवं? ऱ्हाऊ द्या." विचारणाऱ्या सदस्यास मी खरी हकीकत कळविली. विकिपीडियावर प्रत्येक पानामागे त्याचा 'इतिहास' ठेवलेला असतो. कोणी केव्हा काय घातले आणि काय काढले हे तेथे कायम राहते. माझा अपराधही तेथे तारखेसह नोंदलेला आहे. धुळीवरचे अक्षर पुसले जाते. हे पुसले जात नाही. आणि ते तसेच असावे असे मला आता वाटते.

मग नानांच्या वाट्याला राहिले काय, असे वाचक विचारतील. राहिले ते थोडे नाही. गावाच्या पानावरील नदीच्या तीराची ओळ त्यांची आहे. महापालिकेत गाव आल्याचे वर्ष त्यांनी आधार शोधवून मगच घालू दिले. नदीचे एक छायाचित्र त्यांनी स्वतः काढून चढविले. ते त्यांचे स्वतःचे असल्यामुळे त्याला कोणाची आडकाठी नव्हती. आणि पुराची आठवण? ती आम्ही एका दोनशेपानी वहीत लिहून काढतो आहोत. वर तारीख, खाली नानांची सही. चिंच आता नाही. तिच्या जागी वाहने ठेवण्याचे तळघर आहे. परंतु चिंच कोठे होती, मोटेची विहीर कोठे होती, पाणंद कोणत्या अंगाने नदीला उतरे, हे त्या वहीत उतरते आहे. कोशात मावत नाही ते सारे टाकाऊ नसते. ते कोशाच्या आधीचे असते. कोणीतरी अभ्यासक उद्या ती वही इतर वह्यांशी ताडून पाहील, छापील, आणि मग कोश ते घेईल. प्रत्येक गोष्टीने आपल्या पायरीवर उभे राहावे.

खराडीच्या मनोऱ्यांत काम करणारी एक मुलगी आता शनिवारी आमच्याकडे येते. तिला तिच्या स्वतःच्या गावाबद्दल लिहायचे आहे. पहिल्याच दिवशी तिने एक ओळ लिहिली आणि नानांकडे पाहिले. नाना म्हणाले, "बाय, तुला ठावं हाय त्ये ऱ्हाऊ दे. दाखवता येतं त्ये सांग. आन् न्हाई दाखवता आलं तर वाईट वाटून घिऊ नगंस, वही हाय." मी मध्ये तोंड घातले नाही. केतकरांच्या कचेरीत दाते-कर्व्यांनी आपल्यामागून आलेल्यांना असेच काहीसे सांगितले असेल.

हा लेख छापून येणार असे कळल्यावर नाना म्हणाले, "मंग आता झाला की छापील आधार!" मी हसून नकार दिला. माझेच लिहिलेले मीच पुरावा म्हणून पुढे करणे म्हणजे पुन्हा तीच चूक, फक्त नव्या कपड्यांत. म्हणून येथेही मी एवढेच लिहितो, की १९६१ च्या पुरात पाणी खराडीच्या एका वावरातील चिंचेच्या बुंध्यापर्यंत आले होते, असे नाना म्हणतात. मी तेव्हा जन्मलो नव्हतो.

परात मात्र मी पाहिली आहे. ती जड आहे, काठाला एके ठिकाणी पोचा आहे, आणि आतून ती कोरी करकरीत आहे. दिवाळीच्या या दिवसांत घरोघरी माळ्यावरची भांडी खाली येतात, चिंच लावून घासली जातात आणि त्या निमित्ताने जुन्या गोष्टी निघतात. त्या वर्षी पुण्याच्या कोणा घरातून पितळी परात वाहून गेली, असे आपल्याकडे कोणी वडीलधारे सांगत असतील, तर त्यांनी अवश्य खराडीला यावे. परातीवरचे नाव मी येथे मुद्दाम दिलेले नाही. ते त्यांनी सांगायचे, आणि नाना काठ फिरवून पाहतील.